विक्रीआधीची डागडुजी

थंडर बे. मे महिना. सरोवरात अजून
बर्फाचे चार-दोन तुकडे,
कुणी आवरायचे विसरल्यासारखे.
इर्या लेहतोलाचं घर विकायला काढलंय
आणि माझ्या हातात तीन आठवडे.

मार्लीन कोझाक, एजंट, यादी देते पाठपोट लिहिलेली.
पुढचं दार निळं, पण पाण्याचं निळं नको, बँकेचं निळं.
भिंतींना ओल्या वाळूचा रंग;
तो कुणाच्याच आवडीचा नसतो
म्हणून कुणाच्याच डोळ्यांत खुपत नाही.
कपाटांच्या मुठी बदला: साठ डॉलर घाला, सहाशे काढा,
असं ती म्हणते. मी कधी हिशेब मांडला नाही.
तळघरातल्या सौनाला मात्र हात लावायचा नाही.
या गल्लीत सौनाशिवाय घर म्हणजे
चुलीशिवाय स्वयंपाकघर.

मी घरं विकण्याजोगी करतो.
माणूस कुठे कुठे टेकला ते पुसून काढणं,
एवढंच खरं तर माझं काम.
जिन्याच्या वळणावरचा तळव्याचा तेलकट डाग,
खुर्चीच्या पाठीने भिंतीला पाडलेली चीर.
फोन कधीचाच गेला, त्याच्या जागेशी
पेन्सिलीने लिहिलेले नंबर राहिलेत:
प्लंबर, पाद्री, लाकूडवाला,
आणि "आइला, रात्री अकरानंतर".
लांबी भरली, घासलं, रंगाचे दोन हात दिले.
तिसराही द्यावा लागला.
आइला खालून वर येत होती.

सिंकपुढच्या लिनोलियमला दोन खळगे,
पावलांच्या मापाचे, डावा जरा खोल.
मी ते गुंडाळून ट्रकमध्ये टाकलं.
ती खिडकीतून बघत होती. म्हणाली,
"डाव्या पायावरच भार असायचा माझा.
मला वाटायचं, हे कुणाला कळत नाही."

मग नळ. अकरा वर्षं गळत होता.
रेइनो म्हणायचा, रविवारी बघतो.
रविवार यायचे, मासे पकडायला जायचे.
शेवटी रेइनोच गेला, नळ टिपटिपत राहिला,
रात्री तिला सोबत म्हणून, किंवा छळायला,
दोन्ही गोष्टी तिने वेगवेगळ्या दिवशी सांगितल्या.
एक वॉशर. चाळीस सेंट. सात मिनिटं.
मी मुद्दाम अर्धा तास सिंकखाली पडून राहिलो,
पाना वाजवत,
सात मिनिटांचंच काम होतं
हे तिला कळू नये म्हणून.

मागचं दार राहिलं होतं.
लाकूड फुगलेलं; जरा वर उचलून
अंगाचा जोर लावून ओढलं तरच लागायचं.
रंधा मारला, बिजागऱ्यांना तेल दिलं.
आता करंगळीने लागतं.

रविवारी घर बघायला लोक आले.
मोजे घालून फिरले, कपाटं उघडली,
पाणी सोडून बघितलं, "उजेड छान आहे" म्हणाले.
गर्दीत इर्याही होती, लग्नाकार्याचा कोट घालून.
दाराशी ठेवलेल्या वहीत तिने लिहिलं: सालोकांगास,
माहेरचं नाव.
मार्लीनने ओळखलं, पण खरंच हुशार बाई,
तिलाही कर किती, छप्पर केव्हाचं, सगळं नीट सांगितलं.
"नळ गळतो का?" इर्याने विचारलं.
"अजिबात नाही."
"आणि हे सगळं एवढं आधी का नाही केलं त्यांनी?"
मार्लीनने माझ्याकडे बघितलं.
मी खिडकीच्या चौकटीवरचा एक थेंब
नखाने खरवडत राहिलो.

निघताना ती पुढच्या निळ्या दाराने गेली नाही.
स्वयंपाकघरातून, सवयीने, मागे.
पायरीवर वळली, मूठ दोन्ही हातांनी धरली,
दार जरा वर उचललं,
आणि चाळीस वर्षांचा जोर लावून ओढलं.

घरभर आवाज झाला.
वरच्या मजल्यावर कुणीतरी विचारलं,
"काय पडलं?"